सहाव्या वर्षी येणारी दाढ

भाताच्या खोडकिड्याबद्दल आमच्या शेतकऱ्याला आता फारसे सांगावे लागत नाही. चौरस मीटरमध्ये एक अंडीपुंज दिसला किंवा शंभरात पाच फुटवे गाभेमर झालेले आढळले की हालचाल करायची, हे लोधिवलीपासून पार कशेळ्यापर्यंत कुठल्याही बांधावर विचारा, लोक सांगतील. पांढऱ्या लोंब्या बाहेर पडल्यावर औषध मारणे म्हणजे पैसे पाण्यात, हेही सांगतील. पण त्याच घरातल्या दुसरीतल्या पोराने तोंड उघडले आणि मागच्या दाढेत काळे भोक दिसले, तर उत्तर ठरलेले: "दुधाचे दात ते, पडतील आपोआप." इथे मात्र आपण पांढऱ्या लोंबीची वाट पाहत बसतो. पोर रात्रभर रडले, गाल सुजला, की मग एसटी धरून पनवेल नाहीतर खोपोली, आणि दाढ उपटून परत.

खत, बियाणे, पीकविमा सोडून या पानावर दातांचा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. विस्ताराच्या कामात शेतावरून उंबऱ्यापर्यंत जावेच लागते आणि उंबऱ्यात पोरं उभी असतात. आमच्या मते हा प्रश्नही मुळात विस्ताराचाच आहे. उपाय माहीत आहे, स्वस्त आहे, आणि तो घरापर्यंत पोहोचलेला नाही.

पहिल्यांदा त्या दाढेचीच गोष्ट. मुलाला दुधाचे दात वीस. साधारण सहाव्या महिन्यात पहिला दात दिसतो आणि अडीच-तीन वर्षांत सगळे येतात. सहाव्या वर्षाच्या आसपास पुढचे दात पडू लागतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. दात कौलावर टाकायचा कार्यक्रमही होतो. पण त्याच सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे, वर दोन आणि खाली दोन, अशा चार नव्या दाढा येतात. त्यांच्या जागी आधी काही पडलेले नसते. त्यामुळे त्या आल्या हे आईच्याही ध्यानात येत नाही आणि त्यांना दुधाचेच समजले जाते. त्या कायमच्या असतात. म्हातारपणापर्यंत भाकरी चावायची ती त्यांच्यावरच. त्यांच्या माथ्यावर खोल खाचा असतात, दात नवा म्हणून कवच अजून पुरते पक्के झालेले नसते, आणि ब्रश इतक्या मागे पोहोचत नाही. आल्यापासून दोन-तीन वर्षांतच भोक पडते. दहाव्या वर्षी कायमची दाढ गमावलेली मुले आमच्या वाड्यावस्त्यांवर पुष्कळ दिसतात आणि आईबाप सांगतात, "दुधाची होती, काढली."

२००२-०३ मध्ये देशभर मुखारोग्याचे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले होते. त्यात पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५२ टक्के, बारा वर्षांच्यांपैकी ५४ टक्के आणि पंधरा वर्षांच्यांपैकी ६३ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. म्हणजे निम्म्याहून अधिक. गावातल्या निम्म्या भातावर रोग पडला असता तर तहसीलदारापासून आमदारापर्यंत सगळे बांधावर आले असते.

'कीड' या शब्दानेही घोटाळा केला आहे. आमच्या खात्यात कीड म्हटले की अळी, पाखरू, तुडतुडा. दाताची कीड म्हणजेही कुठली तरी अळीच, असे मानून काटेरिंगणीच्या बियांची धुरी घेणारे लोक अजून आहेत. धुरीने अळ्या खाली पडतात म्हणे! तिथे अळी नसतेच. तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण गोड किंवा पिठूळ खाल्ले की तेही खातात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाने दाताचे कवच विरघळते. थुंकी ते आम्ल हळूहळू धुऊन काढते आणि कवचाची झीज थोडी भरूनही आणते. पण तिला त्यासाठी अर्धा-एक तास मोकळा मिळायला हवा. दर अर्ध्या तासाने तोंडात काहीतरी पडत राहिले तर तिला सवडच मिळत नाही. सारखे पाणी साचणाऱ्या खाचरात बांध खचतो तसे हे आहे.

आणि पडतेच आहे. पूर्वी गोड म्हणजे सण. गुळाचा खडा, होळीला पोळी, गणपतीत मोदक. आता वाडीतल्या टपरीवर पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकतात. सकाळी चहा-बिस्किट, शाळेच्या वाटेवर गोळी, दुपारी रंगीत बर्फाची कांडी. वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबात तर आई पहाटेपासून गारा तुडवत असते. पोराला शांत ठेवायला बिस्किटाचा पुडा हातात दिला जातो. त्या आईला दोष देण्यात अर्थ नाही. बिस्किट भाकरीपेक्षा सहज मिळते, ही वस्तुस्थिती आहे. लहानग्याला साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणे हा त्यातलाच प्रकार. झोपेत थुंकी कमी होते आणि पुढचे वरचे दात वर्षभरात झिजून काळ्या खुंट्या उरतात.

किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा आणि किती चिकट खाल्ले हे महत्त्वाचे, हे आज दंतवैद्य सहज सांगतात. पण ते कळले कसे? स्वीडनमध्ये लुंड शहराजवळ विपेहोल्म नावाची गतिमंद माणसांना ठेवण्याची संस्था होती. १९४५ पासून काही वर्षे तिथल्या माणसांवर प्रयोग झाले. काहींना जेवणासोबत साखर दिली, काहींना जेवणाच्या मधल्या वेळात दाताला चिकटणारी टॉफी दिली. टॉफी खाणाऱ्यांचे दात भराभर किडले. त्या माणसांची संमती कोणी घेतली नव्हती. त्यांना ती देता येण्यासारखीही नव्हती. साऱ्या जगाच्या पोरांचे दात ज्या माहितीने वाचायचे ती माहिती अशा माणसांच्या दातांवरून मिळाली, आणि आज दवाखान्यात सर्वांत शेवटी नंबर लागतो तो त्यांच्यासारख्याच मुलांचा. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

आधी दुधाच्या दातांचे. पडणारच आहेत तर जपायचे कशाला, हा प्रश्न अगदीच वेडगळ नाही. पण शेतकऱ्याला त्याचे उत्तर एका शब्दात कळेल: हद्द. दुधाची दाढ ही खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा राखून ठेवते. हद्दीचा दगड उपटला की शेजारी बांध कोरतो. दुधाची दाढ वेळेआधी काढली की मागची सहाव्या वर्षाची दाढ पुढे सरकते, जागा खाते, आणि मग दहाव्या-बाराव्या वर्षी येणाऱ्या दाताला वाट उरत नाही. तो आडवा येतो, नाहीतर हिरडीतच अडकतो. वेडेवाकडे दात काही घराण्यांत वारशाने येतात हे खरे. अंगठा चोखणे, नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेणे यानेही दात पुढे येतात. पण आपल्याकडे पुष्कळ मुलांचे दात वाकडे होतात ते दुधाच्या दाढा अकाली उपटल्यामुळे. दाढ काढावीच लागली तर जागा धरून ठेवणारी एक साधी तार बसवता येते. ती बसवा असे सांगणारा पाहिजे, आणि विचारणाराही पाहिजे.

वाकड्या दातांना तारा लावण्याचा उपचार दीड-दोन वर्षे चालतो आणि बहुधा दर महिन्याला खेप घालावी लागते. लोधिवली किंवा चौकच्या मजुराला ते कसे जमायचे? खर्च बाजूला ठेवला तरी महिन्याला एक रोज बुडतो. लग्नाच्या वेळी मुलीच्या दातांवरून बोलणी फिसकटतात तेव्हा घरचे धावाधाव करतात, पण तोवर सोपे उपाय मागे पडलेले असतात. सातव्या-आठव्या वर्षी एकदा जाणत्या दंतवैद्याने जबडा पाहिला तर पुढचे बरेचसे टळते. म्हणजे फिरून आपण दुसरी-तिसरीच्या वर्गातच येतो.

आता ज्या मुलांविषयी लोक बोलायचे टाळतात त्यांच्याविषयी.

पाताळगंगेच्या खोऱ्यातल्या एका घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे. जन्मताना मेंदूला इजा झाली. हातपाय ताठ, बोलता येत नाही, झटक्यांचे औषध चालू. एका पावसाळ्यात ऐन लावणीच्या दिवसांत त्याने खाणे सोडले. रात्र रात्र किंचाळायचा आणि स्वतःच्याच गालावर मारून घ्यायचा. बापाला वाटले झटक्याचे औषध कमी पडते आहे. आजी म्हणाली नजर लागली. भगत झाला, उतारा झाला. तिसऱ्या आठवड्यात आईने काय सुचले कोण जाणे, त्याचे तोंड उघडून बॅटरी मारून पाहिले. खालच्या दोन्ही दाढांतून पू येत होता. जवळच्या शहरातल्या एका खासगी दवाखान्याने "हा स्थिर बसत नाही, आमच्याकडे नको" म्हणून परत पाठवले. मग मुंबईच्या तीन खेपा. शेवटी पूर्ण भूल देऊन एकाच बैठकीत काढायचे दात काढले, भरायचे भरले. आता मुलगा जेवतो. ती माउली आम्हाला म्हणाली, "साहेब, त्याला काय दुखतं ते त्याला सांगता येत नाही, न् आम्ही दातांकडं कधी बघितलंच नाही. बाकी एवढं होतं बघायला."

'बाकी एवढं होतं बघायला', यात सगळे आले. मेंदूचा पक्षाघात असलेले, डाऊन सिंड्रोमचे, स्वमग्न, गतिमंद मूल ज्या घरात असते त्या घराची फिजिओथेरपी, औषधे, दाखले यांतच दमछाक होते. दात हे शेवटचे. आणि नेमके याच मुलांचे दात अधिक धोक्यात असतात. कारणे साधी आहेत. चावता येत नाही म्हणून मऊ, पिठूळ अन्न. ते गालात साचून राहते. औषधे बहुधा गोड सिरपच्या रूपात आणि रात्री झोपताना दिलेली. झटक्यांवरच्या फेनिटॉइन या जुन्या औषधाने हिरड्या वाढून दात झाकले जातात. याचा अर्थ औषध मनाने बंद करायचे असा मुळीच नाही. तसे केले तर झटके उसळतात. डॉक्टरांना विचारावे, पर्याय आहेत. सिरपऐवजी गोळी चालते का, बिनसाखरेचे मिळते का, हेही विचारावे. औषधानंतर दोन घोट पाणी द्यावे, ते जमत नसेल तर ओल्या फडक्याने दात पुसावेत.

डाऊनच्या मुलांचे दात उशिरा येतात, काही येतच नाहीत आणि हिरड्यांचे दुखणे लवकर लागते. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. ज्या मुलाच्या हृदयाला भोक आहे किंवा हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्याचा दात काढण्याआधी दंतवैद्याला ते स्पष्ट सांगितलेच पाहिजे. हिरडीतले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जाऊ शकतात आणि काही मुलांना आधी प्रतिजैविकाची मात्रा द्यावी लागते. रक्त लवकर न थांबणारे मूल असेल तरीही आधी सांगावे. जत्रेत बसलेल्या दातवाल्याकडे अशा मुलाला नेणे म्हणजे जिवाशी खेळ.

स्वमग्न मुलाची अडचण निराळी. त्याला ब्रशचा स्पर्श सहन होत नाही, पेस्टचा वास सहन होत नाही, दवाखान्यातला दिवा तर नाहीच. तिथे जबरदस्तीने काम बिघडते. नवा बैल जू घेत नाही तेव्हा जाणता माणूस काय करतो? पहिल्या दिवशी नुसते जू खांद्यावर ठेवतो. तसेच इथे. आठवडाभर नुसता ब्रश हातात द्यावा, मग ओठाला लावावा, मग एक दात. वेळ रोज तीच, जागा तीच, माणूसही तेच. दवाखान्यातही पहिल्या खेपेला नुसते खुर्चीत बसून परत यावे. हे समजून घेणारे दंतवैद्य आहेत. बालदंतवैद्यक हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे आणि त्यात अशा मुलांना हाताळायला शिकवतात.

घरी दात घासताना मुलाला खाली बसवून मागून त्याचे डोके आपल्या मांडीवर घ्यावे, म्हणजे मान स्थिर राहते आणि आतले दिसते. मूल फार हलत असेल तर दोघांनी समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसावे; डोके एकाच्या मांडीवर, पाय दुसऱ्याकडे. दातांमध्ये बोट घालू नये, चावा बसतो. घट्ट गुंडाळलेले फडके घालावे. ज्या मुलाला मूठ नीट वळवता येत नाही त्याच्या ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या हँडलची जुनी रबरी मूठ चढवावी. दहा-वीस रुपयांचे काम आहे.

फाटलेल्या ओठाच्या, फाटलेल्या टाळूच्या मुलांविषयीही इथेच सांगितले पाहिजे. ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून ओठ फाटला, असे अजून बोलले जाते आणि त्या बाईला जन्मभर टोमणे ऐकावे लागतात. ग्रहणाचा काही संबंध नाही. ओठाची शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांत आणि टाळूची साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आत व्हावी लागते. पण काम तिथे संपत नाही. अशा मुलाचा वरचा जबडा अरुंद राहतो, दात फटीत येतात. आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान जबड्याच्या फटीत हाड भरण्याची वेळ असते आणि त्याआधी तारांनी जबडा रुंद करावा लागतो. ओठ शिवला, फोटो निघाला, आता झाले, असे समजून जे पालक पुन्हा जात नाहीत त्यांच्या मुलांचे पुढचे उपचार राहूनच जातात.

मशेरीबद्दल थोडक्यात. दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोण बंदी करणार? आजीच्या डबीतून सात-आठ वर्षांची नात बोट बुडवते आणि दात घासणे म्हणजे हेच असे तिला वाटते. राखुंडी आणि कोळशाने कवच झिजते. कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी वाईट नाही, मात्र मागच्या दाढेपर्यंत ती क्वचितच पोहोचते.

पेस्ट फ्लोराइडची हवी आणि ती जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर घ्यायची नाही. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. घासल्यावर थुंकायचे, खळखळून चूळ भरायची नाही. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मुलाचे दात मोठ्या माणसाने घासायचे, निदान रात्री तरी. यवतमाळ-नांदेडकडे काही गावांत विंधन विहिरीच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असल्याने दात डागाळतात. तिथला प्रश्न वेगळा. त्या बातम्या वाचून आपण पेस्टला घाबरायचे कारण नाही. आणखी एक. खेळताना पडून पुढचा कायमचा दात मुळासकट निघाला तर तो फेकू नये. मुळाला हात न लावता उचलावा, दुधात बुडवावा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. पुन्हा बसण्याची शक्यता असते. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

हे झाले घरचे. सरकारकडे काय आहे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक यावे अशी योजना आहे. तपासायच्या यादीत दातांचे विकार आहेत, फाटलेला ओठ आणि टाळू आहे, वाढीतले विलंब आणि अपंगत्वही आहे. सापडलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे आणि त्या केंद्रात दंतवैद्य असावा, असेही नियमात लिहिले आहे. कागदावर याहून चांगली योजना मिळणे कठीण.

आमची तक्रार वेळापत्रकाची आहे. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबे दिवाळी झाली की भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत पथक आले तर हजेरीपटावर नाव असते आणि बाकावर मूल नसते. म्हणून वाड्यांवरच्या शाळा जून ते दिवाळीच्या आत तपासून व्हाव्यात. पाऊस आहे, वाट नाही, हे खरे. २०२३ च्या जुलैत इरशाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा डोंगरावरच्या वाडीला रस्ता नसणे म्हणजे काय ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पण ज्या दिवसांत मुले घरी असतात त्याच दिवसांत जावे लागेल. आम्ही लावणीच्या वेळी चिखलातूनच जातो. एप्रिलमध्ये लावणीचे मार्गदर्शन करून काय उपयोग?

दुसरी तक्रार शिबिरांची. बॅनर लागतो, पाहुणे येतात, पोरांना ओळीत उभे करून तोंडे पाहिली जातात, पेस्टच्या लहान नळ्या वाटल्या जातात. फोटो आमच्याच कार्यालयात येतो आणि छापलाही जातो. चिठ्ठी मिळालेल्या मुलांपैकी किती जण पुढे खुर्चीपर्यंत पोहोचले, हे कोणी विचारत नाही. खालापूरहून जिल्ह्याच्या रुग्णालयात अलिबागला जायचे तर पेण, वडखळ करत दिवस जातो, आणि हातपाय ताठ असलेल्या मुलाला कडेवर घेऊन एसटी बदलायच्या असतील तर त्या आईने जायचे कसे?

म्हणूनच उपचार खुर्चीपाशी अडकून ठेवू नयेत. आज असे उपाय आहेत ज्यांना वीज लागत नाही, ड्रिल लागत नाही. १९८० च्या दशकात टांझानियात दंतवैद्यांनी हाताच्या अवजारांनी कीड खरवडून दाढ सिमेंटने भरण्याची पद्धत बसवली, ती आता जगभर वापरतात. चांदी आणि फ्लोराइडचे एक द्रव औषध किडलेल्या जागी नुसते लावले की बहुतेकदा कीड तिथेच थांबते. डाग काळा पडतो, पण सुई नाही, भोकसणी नाही. खुर्चीत न बसणाऱ्या मुलासाठी ही मोठी सोय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे औषध, ते सिमेंट आणि फ्लोराइडची पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. नव्या दाढेच्या खाचांत लेप भरून त्या बुजवणे तर पाच-दहा मिनिटांचे काम. शाळेच्या ओट्यावर होईल.

करणारे हातही फार लांब नाहीत. पनवेलच्या पुढे कामोठ्याला आणि खारघरला दंत महाविद्यालये आहेत, त्यांत बालदंत विभाग आहेत. दंतवैद्यकीच्या विद्यार्थ्याचे शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते आणि त्यात खेड्यापाड्यातले कामही येते. लोधिवलीचे नाव मुंबई-पुणे महामार्गावरच्या धीरूभाई अंबानी रुग्णालयामुळे बाहेर माहीत झाले. पाताळगंगा आणि रसायनीचे कारखाने याच खोऱ्यात उभे आहेत. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्चावेत, असा नियम २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे. शाळेला रंग देणे, बाकडी देणे चांगलेच. पण एखाद्या वर्षी त्या पैशातून खालापूर तालुक्यातल्या दुसरी-तिसरीच्या मुलांच्या दाढा बुजवल्या गेल्या तर तो रंग साठ वर्षे टिकेल.

आणि ग्रामपंचायतीकडे पैसा नाही, हे आम्ही या एका बाबतीत ऐकून घेणार नाही. स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवणे ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे. कारखान्यांची घरपट्टी येणाऱ्या पंचायतीत ही रक्कम अगदीच थोडी नसते. बहुतेक ठिकाणी ती वर्षअखेरीस थोडी थोडी वाटून टाकली जाते. त्यातून विशेष मुलांना दंत महाविद्यालयात नेण्या-आणण्याचे वाहन ठरवता येईल. स्वमग्न, मेंदूचा पक्षाघात असलेल्या, गतिमंद आणि बहुविकलांग मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' नावाची एक लाखापर्यंतची आरोग्यविमा योजना आहे, तिच्यात दातांच्या खर्चालाही जागा आहे. तिचा फॉर्म भरून देण्याचे काम शाळेतल्या एखाद्या शिक्षकाने किंवा आशाताईने हाती घ्यावे.

येत्या ग्रामसभेपूर्वी पालकांनी लेखी अर्ज द्यावा. पाच टक्के निधीतून विशेष मुलांच्या दंततपासणीसाठी वर्षातून चार खेपांचे वाहन मिळावे. बाल स्वास्थ्य पथकाला वाडीच्या शाळेची तारीख दिवाळीपूर्वीची द्यावी असे पंचायतीने तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवावे. आणि मागच्या तपासणीत ज्या मुलांना पुढे पाठवायचे ठरले त्यांपैकी कोण गेले व कोण राहिले याची यादी सभेत वाचून दाखवावी, एवढ्या तीन गोष्टी त्यात असाव्यात. अर्जावर आयांच्या सह्या आधी घ्याव्यात, आणि सरपंचांकडून पोच घेतल्याशिवाय अर्ज हातचा सोडू नये.